बी.कॉम.च्या मुलांना क्षेत्र निवडण्यासाठी कशी मदत करावी?

प्रश्न: मी म्हापशातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या वर्गात ‘पुढे काय?’ असे विचारले की निम्मे हात सीएसाठी आणि उरलेले सरकारी नोकरीसाठी वर होतात. मात्र ते काम दिवसभर नेमके कसे चालते, हे कोणीच पाहिलेले नसते. त्यांना क्षेत्राची ओळख कशी करून द्यावी?

उत्तर 1: सर, व्याख्यानांपेक्षा मुलांना कामाच्या जागी बसवा. माझी मुलगी सुटीत महिनाभर वास्कोच्या एका कस्टम्स ब्रोकरकडे (आयात-निर्यातीच्या मालाची सीमाशुल्काची कागदपत्रे करून देणाऱ्याकडे) जात होती. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे एकच काम होते : इन्व्हॉइस (मालाचे बिल) आणि पॅकिंग लिस्ट (पेट्यांतील मालाची यादी) शेजारी ठेवून प्रत्येक पेटीचे वजन जुळवणे, कारण एका आकड्याच्या चुकीनेही माल अडकू शकतो. पुस्तकातून कधीच न भावलेली निर्यात तिला तिथे आवडली. (वजने जुळवताना ती कंटाळली नाही, याचेच मला नवल वाटले.) मुरगाव बंदर, वेर्ण्यातील औषध कारखाने आणि 2023 मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ इतके जवळ असताना सीएचाच विचार का व्हावा?

उत्तर 2: तरीही ज्यांना सीए व्हायचेच आहे, त्यांना एवढे सांगा की वाणिज्य पदवीला 55 टक्के गुण असल्यास फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएट या पुढच्या टप्प्याला प्रवेश मिळतो आणि नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, दोन वर्षांची आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिवाळीच्या सुटीसाठी ब्रोकरांशी बोलतो.