बाबांची सही, दोन देश आणि दोन वेगळी मुखत्यारपत्रे

विषय: पुण्यातील सदनिकेच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र – मार्गदर्शन हवे

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे वडील ८१ वर्षांचे असून गेली तीन वर्षे ते इंग्लंडमध्ये आमच्याकडेच राहतात. गेल्या महिन्यात त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाल्याचे निदान झाले. बोलणेचालणे व्यवस्थित आहे, हिशेब कळतो, माणसे ओळखतात. मात्र कालची गोष्ट आज विसरतात. पुण्यात त्यांच्या एकट्याच्या नावावर एक सदनिका आहे आणि ती विकावी अशी त्यांची इच्छा निदानाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. व्यवहार नाशिकला राहणारा माझा धाकटा भाऊ पाहणार आहे.

भावाचे म्हणणे असे की, बाबांनी २०१४ साली त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलेले आहे, तेव्हा नव्याने काही करण्याची गरज नाही. इथल्या सॉलिसिटर (वकील) बाई मात्र लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे इथले मुखत्यारपत्र, लगेच करून घ्या, असे सांगतात. मला वाटते की, इथला कागद एकदा नीट केला तर तोच पुण्यातही का चालू नये? बाबांना पुन्हापुन्हा सह्या करायला बसवणे जिवावर येते. आपल्या हातातून सगळे काढून घेतले जात आहे, असे त्यांना वाटते. एकाच कागदात दोन्हीकडचे काम भागेल का, हे कृपया कोणी अनुभवी सांगावे.

आपली नम्र,
एक सभासद

---

उत्तर: पुण्यातील सदनिकेच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र

ताई, नमस्कार.

मी बरीच वर्षे इथल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत काम केले आहे आणि माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत या दोन्ही वाटांनी गेलो आहे. एका कागदात दोन्हीकडचे काम भागणार नाही. ही दोन्ही मुखत्यारपत्रे नावाने सारखी वाटली तरी नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी एकमेकांच्या उलट वागतात, आणि तुमच्या घरी आज जी परिस्थिती आहे तिच्यात हा फरक सर्वात आधी समजून घ्यायला हवा.

भारतातील मुखत्यारपत्रामागे १८८२ चा मुखत्यारपत्र कायदा आणि १८७२ चा करार कायदा आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्याने अधिकार दिला तो मरण पावला किंवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, तर त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे, बाबांना काही कळेनासे झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून आपण जो कागद जपून ठेवतो, तो नेमका त्याच वेळी निकामी होतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत हा गैरसमज आहे, आणि तो कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

इंग्लंड आणि वेल्समधील लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी ही त्याच्या उलट, आकलन गेल्यावरही टिकावी म्हणूनच निर्माण केलेली आहे. ती २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टखाली येते आणि १ ऑक्टोबर २००७ पासून अमलात आहे. तिचे दोन प्रकार आहेत: एक मालमत्ता व पैशांच्या व्यवहारांसाठी, दुसरा आरोग्य व देखभालीच्या निर्णयांसाठी. पहिला प्रकार, नोंदणी झाल्यावर, बाबांची संमती असेल तर त्यांचे आकलन शाबूत असतानाही वापरता येतो. दुसरा मात्र त्यांना स्वतःला निर्णय घेता येईनासा झाल्यावरच वापरता येतो. ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन या सरकारी कार्यालयाकडे नोंदणी झाल्याशिवाय यांपैकी कोणताही कागद वापरता येत नाही आणि नोंदणीला काही आठवडे लागतात, म्हणून सॉलिसिटर बाईंची घाई योग्यच आहे. हे केले नाही आणि पुढे बाबांचे आकलन गेले, तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शन या न्यायालयाकडे डेप्युटी (त्यांच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) म्हणून नेमणूक मागावी लागते. ते काम खर्चाचे आणि लांबणारे असते. मुलगी किंवा पत्नी आहे एवढ्यावर इथली बँक कोणालाही खाते चालवू देत नाही. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कायदा वेगळा आहे, तिकडच्या सभासदांनी हे आपल्याला लागू धरू नये.)

आता हा इथला कागद पुण्यात का चालणार नाही, ते सांगतो. १९०८ च्या भारतीय नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, भारतात न राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र दस्तनोंदणीसाठी ग्राह्य धरायचे असेल तर त्यावर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारताचे वाणिज्यदूत यांच्यासमोर सही होऊन त्यांनी ते प्रमाणित केलेले असावे लागते. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नीवरील सही साध्या साक्षीदारासमोर होते, तिचा मसुदाही ठरावीक नमुन्यातला असतो आणि त्यात सदनिकेचे वर्णन नसते. दुय्यम निबंधकांसमोर ती घेऊन जाण्यात अर्थ नाही.

राहिला भावाकडचा २०१४ चा कागद. तो न पाहता मत देणे योग्य नाही, पण त्यात काय शोधायचे ते सांगतो. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. जो अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नाही, तो दिला आहे असे मानत नाहीत. त्या कागदात भाडेकरू ठेवणे, सोसायटीच्या सभेला हजर राहणे, कर भरणे एवढेच लिहिले असेल आणि खरेदीखत करून देणे, मोबदला स्वीकारणे, ताबा देणे व नोंदणीसाठी दस्त हजर करणे हे लिहिले नसेल, तर त्यावर विक्री करता येणार नाही. माझ्या मते या एकाच सदनिकेसाठी नवे विशेष मुखत्यारपत्र करावे, त्यात सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, सोसायटीचे नाव, भूखंडाचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा लिहावी आणि वरचे चारही अधिकार वेगवेगळे नमूद करावेत. मोघम कुलमुखत्यारपत्रापेक्षा ते बाबांच्या दृष्टीनेही सुरक्षित असते, कारण त्याबाहेर कोणाला काही करता येत नाही.

आपला,
एक जुना सभासद

---

उत्तर: पुण्यातील सदनिकेच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र

सर्वांस नमस्कार,

काकांनी सांगितलेल्या मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे. कागदाच्या प्रवासाविषयी थोडी भर घालते, कारण आमच्याकडे चूक तिथेच झाली होती.

इंग्लंडमध्ये नोटरी पब्लिक हा वेगळा व्यवसाय आहे. प्रत्येक सॉलिसिटर नोटरी नसतो, हे भेटीची वेळ घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. नोटरीने प्रमाणित केल्यावर फॉरेन ऑफिसच्या लीगलायझेशन ऑफिसकडून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले सरकारी प्रमाणपत्र) घ्यावे लागते. अपोस्टिलच्या हेग करारात भारत २००५ पासून सहभागी आहे. भारतीय उच्चायुक्तालयाच्या किंवा वाणिज्य दूतावासाच्या अधिकाऱ्यासमोर सही करणे हा दुसरा मार्ग आहे. दोहोंपैकी कोणताही घ्या, पण सही आधी घरी उरकून नंतर फक्त शिक्का मारून घेऊ नका. प्रत्येक पानावर सही असावी आणि बाबांचे छायाचित्र व डाव्या अंगठ्याचा ठसा कागदावर असावा.

कागद महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. आमच्या नात्यातील एकाने तो पाकिटातून बाहेरही काढला नाही, मुदत उलटून गेली, आणि मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दंडासह तो नियमित करून घेण्यात आमचा पूर्ण उन्हाळा गेला. ज्या दिवशी कागद मिळाला त्या दिवसाचा कुरिअरचा पुरावा जपून ठेवावा. मुलासारख्या जवळच्या नातेवाइकाला मोबदला न घेता दिलेल्या मुखत्यारपत्रावर शुल्क नाममात्र असते. परक्या व्यक्तीला, उदाहरणार्थ एखाद्या दलालाला, विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतके शुल्क मागितले जाऊ शकते. म्हणून ताईंच्या भावाच्या नावेच कागद करणे सर्व बाजूंनी बरे.

विकत घेणारा ‘मुखत्यारपत्रावरच व्यवहार मिटवू, खरेदीखत नंतर करू’ असे म्हणाला, तर ते स्पष्टपणे नाकारावे. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे.

आपली,
मंडळाची एक सभासद

---

उत्तर: पुण्यातील सदनिकेच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र

काका आणि ताई, आपल्या दोघांची मी मनापासून ऋणी आहे.

भावाने २०१४ च्या कागदाची प्रत पाठवली. त्यात विक्रीचा उल्लेखही नाही. तो कागद चालेल असे आम्ही सारे धरून बसलो होतो, हे आठवून मन अस्वस्थ होते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. स्मृतिभ्रंशाचे निदान लेखी झालेले असताना बाबांची सही आता ग्राह्य धरली जाईल का? आणि विशेष मुखत्यारपत्र दिल्यानंतर, पण विक्रीपूर्वी, त्यांचे आकलन गेले तर भावाने काय करायचे?

---

उत्तर: पुण्यातील सदनिकेच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र

ताई,

निदान झाले म्हणजे सहीचा अधिकार गेला, असे दोन्ही देशांचे कायदे मानत नाहीत. इथला कायदा, उलट सिद्ध होईपर्यंत, प्रत्येक प्रौढ व्यक्ती सक्षम आहे असेच धरून चालतो, आणि तो प्रश्न त्या विशिष्ट निर्णयापुरता, त्या वेळेपुरता विचारला जातो. भारतीय करार कायद्याचे कलम १२ सुद्धा माणूस करार करतेवेळी तो समजून घेऊन त्याच्या बऱ्यावाईटाचा विचार करू शकतो का, एवढेच पाहते. बाबांना सदनिका कोणती, विकायची का, पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि कागद कोणाला देत आहोत, हे त्यांच्या शब्दांत सांगता आले तर सही योग्य आहे. त्यांचे डोके दिवसाच्या ज्या वेळी सर्वात स्वच्छ असते तीच वेळ नोटरीकडे मागा, आणि शक्यतो त्याच दिवशीचे डॉक्टरांचे लेखी मत कागदांबरोबर ठेवा. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नीत तर अशी खातरजमा करणारा प्रमाणपत्रदाता कायद्यानेच आवश्यक आहे. तो कुटुंबातील चालत नाही. बाबांना किमान दोन वर्षे चांगले ओळखणारी व्यक्ती किंवा व्यावसायिक पात्रता असलेली व्यक्ती असावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड जाते, पण ते स्पष्ट दिले पाहिजे. नोंदणीच्या वेळी भावाला असे घोषणापत्र द्यावे लागते की, मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, लिहून देणारे हयात आहेत आणि अन्य कारणानेही अधिकार संपलेला नाही. ते खोटे ठरल्यास नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली शिक्षा आहे. बाबांचे आकलन गेल्याचे माहीत असताना त्याने तेथे सही करू नये. अशा वेळी उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम २२६ खाली पालक नेमण्यासाठी अर्ज करणे हाच मार्ग उरतो, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनाची तरतूद ठेवलेली नाही. म्हणून ग्राहक आधी पक्का करा, खरेदीखताचा मसुदा तयार ठेवा आणि मुखत्यारपत्राची सही ते झाल्यावर, विक्रीच्या अगदी जवळ घ्या. कागद आणि खरेदीखत यांमधील काळ जितका कमी, तितका धोका कमी. इथल्या लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नीच्या दोन्ही अर्जांसाठी मात्र थांबू नका.

सह्यांना बसवताना बाबांना वाटणाऱ्या दुःखाविषयी तुम्ही लिहिलेत. माझ्या आईला आम्ही प्रत्येक कलम मराठीतून वाचून दाखवले आणि कोणता अधिकार द्यायचा, कोणता नाही, हे तिलाच ठरवू दिले. एक कलम तिने खोडायला लावले, आणि त्यानंतर तिने सही करण्यास एकदाही नकार दिला नाही.

आपला,
एक जुना सभासद