जी४१ बोर्डला ४ जीबीची नवी रॅम चालत नाही, कोणती घेऊ?

धागाकर्ता:
जुना डेस्कटॉप आहे. इंटेल जी४१ चिपसेटचा (बोर्डचं कामकाज सांभाळणाऱ्या चिपांचा संच) मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर३ प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट. २ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन धापा टाकतं. म्हणून ४ जीबीची पट्टी आणली. ती लावली की पंखा फिरतो, स्क्रीन काळी आणि बीप-बीप सुरू. स्लॉट बदलला, कॉन्टॅक्ट खोडरबराने घासले, बायोसचा सेल काढून परत बसवला. ढिम्म! हीच पट्टी एच६१ या नंतरच्या चिपसेटच्या बोर्डवर मात्र बिनतक्रार चालते. बोर्ड गेला की काय?

प्रतिसाद १:
जुन्या पट्ट्यांवर चालू होतोय ना? मग बोर्ड ठणठणीत आहे. नव्या पट्टीवर काळ्या चिपा किती ते मोजा. दोन्ही बाजू बघा.

धागाकर्ता:
आठ. सगळ्या एकाच बाजूला, मागे कोरी. लेबलवर '१आरएक्स८' आहे.

प्रतिसाद १:
सापडलं मग. आठ चिपांत ४ जीबी म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). जी४१ची मजल २ गिगाबिटच्या चिपेपर्यंतच, एच६१ला ४ गिगाबिटची चालते. तुम्हाला १६ चिपांची, दोन्हीकडे आठ-आठ असलेली ४ जीबीची पट्टी हवी, लेबलवर '२आरएक्स८' (८ बिट रुंदीच्या चिपांचे दोन गट; तुमच्या पट्टीवर एकच). तशा दोन लावल्या की ८ जीबी, आणि तिथेच या चिपसेटची हद्द संपते. ८ जीबीची एकच पट्टी घेऊन स्लॉट वाचवू म्हणाल, तर ती चालणार नाही.

प्रतिसाद २:
नुसत्या १६ चिपा मोजून पैसे देऊ नका. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळतात त्या पट्ट्यांवरही १६च असतात, पण लेबलवर 'एक्स४' (४ बिट रुंदीच्या चिपा). इंटेलच्या बोर्डवर त्या कुचकामी. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड (जादा बफर चिप असलेल्या) पट्ट्यांचंही तेच.

प्रतिसाद ३:
विंडोज ३२ बिट की ६४?

धागाकर्ता:
३२ बिट, विंडोज ७. रॅम ४ जीबी दाखवतं, पुढे कंसात ३.२५ वापरण्याजोगी.

प्रतिसाद ३:
अहो, मग आहे तेवढीच पूर्ण वापरली जात नाहीये! ३२ बिट विंडोज ७ची मर्यादा ४ जीबी, त्यातलीही थोडी जागा ग्राफिक्स वगैरे खातात. आधी ६४ बिट टाका, नाहीतर नवी रॅम शोभेची. ३२वरून ६४वर थेट अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं, तेव्हा बॅकअप आधी. आणि माझं विचाराल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. या बोर्डचा साटा (डिस्क जोडायचा मार्ग) सेकंदाला ३ गिगाबिटचाच, तरी फरक रॅमपेक्षा जास्त जाणवेल.

धागाकर्ता:
१६ चिपांची एकच मिळाली तर जुन्या २ जीबीबरोबर चालेल का?

प्रतिसाद १:
चालायला हवी, ६ जीबी होतील. दोन्ही पट्ट्या कमी वेगवालीच्या चालीने धावतील. बसवल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावून ठेवा. चूक दाखवणारी एकही लाल ओळ दिसली तर पट्टी परत करा.