एकाच मशीनवर चार सर्व्हर: प्रॉक्समॉक्स की हायपर-व्ही?

दंडोबा_६४: सांगलीत आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. नवं मशीन आलंय: १६ कोअर, ६४ जीबी रॅम, दोन एनव्हीएमई एसएसडी. त्यावर टॅलीचा विंडोज सर्व्हर, फाइल सर्व्हर, वेबसाइटचं लिनक्स आणि चाचणीसाठी एक, असे चार व्हीएम (एकाच मशीनच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवायचेत. आजवर फुकटच्या ईएसएक्सआयवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायजर) होतो. ते ज्यांचं आहे त्या ब्रॉडकॉम कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये ती आवृत्ती बंद केली, एप्रिल २०२५मध्ये परत आणली. पुन्हा कधी बंद पडेल म्हणून जीव टांगणीला लावायची माझी तयारी नाही. शिवाय तिच्यात बॅकअप सॉफ्टवेअरला आत शिरायला वाटच नाही. आता पर्याय दोन, प्रॉक्समॉक्स आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही; माझं मत प्रॉक्समॉक्स. डेबियन लिनक्सवर उभं, आत केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हीएम चालवणारी यंत्रणा), सगळा कारभार ब्राउझरमधून, आणि सबस्क्रिप्शन नाही म्हणून एकही सोय अडवत नाहीत. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

कृष्णाकाठ: मला पटत नाही. टॅलीसाठी विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना तुम्हाला घ्यावाच लागणार. सगळ्या कोअरचा घेतला की त्यात दोन विंडोज व्हीएम बसतात, होस्टवर हायपर-व्ही लावायला वेगळे पैसे नाहीत, लिनक्सचे व्हीएम हवे तेवढे. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट माणसाची. ३० जुलैच्या रात्री रिटर्न भरायची गर्दी, तुम्ही गावाला, आणि मशीन बसलं तर कोण धावून येणार? विंडोज येणारा मुलगा सांगलीत हाकेच्या अंतरावर मिळतो. प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कचा साठा) डिग्रेड झाला, म्हणजे त्यातली डिस्क गेली, तर डिस्क बदलून देणारा शोधत बसाल.

दंडोबा_६४: जुलैचा मुद्दा लागला, नाकारत नाही. पण गेल्या रविवारी मी जुना टॅली व्हीएम प्रॉक्समॉक्सच्या इंपोर्ट विझार्डने ओढून घेतला. पहिल्यांदा निळा स्क्रीन आला, कारण विंडोजला व्हर्टआयओ (व्हीएमसाठीची वेगवान आभासी जोडणी) डिस्कचा ड्रायव्हरच माहीत नव्हता. बूट डिस्क तात्पुरती साटावर (विंडोजच्या ओळखीची जुनी जोडणी) लावली, एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडली, व्हर्टआयओच्या आयएसओ फाइलमधून ड्रायव्हर घातला, बंद करून बूट डिस्क व्हर्टआयओवर नेली. झालं! दुपारच्या जेवणाआधी टॅली उघडलं.

कृष्णाकाठ: साहेब, हेच तर मी म्हणतोय. हे तुम्हाला सुचलं. तुमच्या ऑफिसातल्या मुलाला सुचलं असतं का?

मठ्ठा_आणि_मॉडेम: भांडण हायपरव्हायजरवरून चाललंय, पण डिस्क कुठल्या घेतल्या ते दोघंही विचारत नाहीत. साध्या घरगुती एसएसडीवर झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर एकच डेटा) करू नका. लिहिण्याचा भार वाढतो, वीज गेली तर सावरायला त्या डिस्कमध्ये कपॅसिटरही नसतो. माझ्या मशीनवर प्रॉक्समॉक्सच्या डिस्कच्या पानावरचा वेअरआउट (डिस्कची झीज) १४ महिन्यांत ३८ टक्क्यांवर गेला. वापरलेल्या का होईना, सर्व्हरच्या एसएसडी घ्या. रॅमकडेही बघा: झेडएफएसची कॅश पूर्वी अर्धी रॅम खायची. प्रॉक्समॉक्स ८.१पासून नव्या इन्स्टॉलेशनला ती १० टक्के, फार तर १६ जीबी, इतकीच ठेवतात. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आलात तर मर्यादा स्वतः घालावी लागते. मी स्वतः आता नुसत्या डेबियनवर लिबव्हर्ट (केव्हीएम हाताळायचं साधन) वापरतो, पण चार व्हीएमसाठी तो हट्ट मी तुमच्यावर लादणार नाही.

कृष्णाकाठ: डिस्कचं सोळा आणे खरं. हायपर-व्हीवरही स्वस्त डिस्क मरतातच.

दंडोबा_६४: डिस्क परत करतोय, दुकानदाराशी आजच बोललो. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, म्हणून शनिवारी ऑफिसच्या मुलाला जुन्या मशीनवर रिकामं प्रॉक्समॉक्स आणि बॅकअपची डिस्क देणार. एका कागदावर पायऱ्या लिहून ठेवतो, बाकी मी फोन उचलणार नाही. संध्याकाळपर्यंत त्याने टॅली उभं केलं तर प्रॉक्समॉक्स राहील. नाही जमलं तर सोमवारी हायपर-व्ही लावतो, आणि ते तुम्हाला विचारूनच लावेन.