पोटगी वाढवून मागितली आहे. द्यावी का?

ठाणेकर४६: २०१९ मध्ये आमचा संमतीने घटस्फोट झाला. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींत) दरमहा तिला १०,००० आणि मुलीला ८,००० ठरले. वाढीचं कलम नाही. आजवर एकही महिना चुकवलेला नाही. आता मुलगी अकरावीत गेली, नीटचे क्लास लागले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: एकूण ३२,००० करा, नाहीतर कोर्टात जाते. ती स्वतः शाळेत नोकरी करते. माझं दुसरं लग्न झालंय, मुलगा दोन वर्षांचा आहे, घराचा हप्ता ३८,००० जातो. सही झाली तिथेच विषय संपला, असं माझं मत. तुमचं काय?

साधासरळ: संपलाच. उद्या तुमची नोकरी गेली तर ती पोटगी कमी करून घेणार आहे का? दिलेला शब्द दोघांनी पाळायचा. एकदा वाढवलीत की दर दोन वर्षांनी मेसेज येईल.

पाऊसवेडी: सरळराव, २०१९ मध्ये ती पोरगी चौथी-पाचवीत असेल. कंपासपेटी आणि रिक्षाकाका एवढाच खर्च. आता नीटचे क्लास, टेस्ट सिरीज, पुढे हॉस्टेल. ठाणेकर, तुमच्या कंपनीने २०१९ चाच पगार आजवर दिला असता तर तुम्ही तिथे थांबला असतात का?

काळाकोट: भावना बाजूला ठेवून बोलतो. ‘सही झाली, संपलं’ हे कायद्यात टिकत नाही. परिस्थिती बदलली तर पोटगी वाढवायचा, घटवायचा किंवा रद्द करायचा अधिकार हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) ने कोर्टाला दिलाय. म्हणजे साधासरळ यांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की नोकरी गेली तर ठाणेकरही कमी करून मागू शकतात. मुलीचा हक्क तर आईने सही केली म्हणून संपत नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात पोटगी ५०,००० केली आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ लावून दिली.

साधासरळ: वकीलसाहेब, अर्धंच सांगितलंत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कोर्टाने म्हटलंय की वेगळं झाल्यावर नवऱ्याची भरभराट झाली, म्हणून त्याच्या आजच्या श्रीमंतीशी बरोबरी मागता येत नाही.

काळाकोट: बरोबर. पण तिथेही रक्कम १२ कोटी ठरली होती. कोट्यधीशांचे निकाल आपल्या हप्त्यांना लावू नका. ठाणेकरांच्या जवळचा निकाल २०१७ चा आहे. हायकोर्टाने पोटगी २३,००० केली होती; नवऱ्याचं दुसरं लग्न झालंय, त्यातून मूल आहे, हे धरून सुप्रीम कोर्टाने ती २०,००० वर आणली. ‘पोटगी म्हणजे नवऱ्याच्या पगाराच्या २५ टक्के’ ही गोष्ट सगळे त्यातूनच उचलतात, पण तो सरसकट नियम नव्हे.

दुसरीघरची: मी अशाच माणसाची दुसरी बायको आहे, त्यामुळे माझं मत कुणालाच आवडणार नाही. लग्नाआधी मला सगळं माहीत होतं, तरी महिन्याच्या सुरुवातीला खात्यातून पैसे गेले की चिडचिड होतेच. मुलीचे वाढवा, त्यावर वाद नको. पण कमावत्या बाईचे १०,००० का वाढवायचे? तिचाही पगार वाढला असेलच की.

मीघेणारी: ताई, खाजगी शाळेतल्या बाईंना हातात किती पडतात, विचारून बघा एकदा. मी पोटगी घेते. वाढवून मागायचा मेसेज तीनदा लिहून खोडते. घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो, त्याला कुणी ‘सही झाली होती’ म्हणत नाही.

ठाणेकर४६: मुलीचं मला मान्य आहे. क्लासची फी मी थेट क्लासला भरतो. तिच्या हातात रोख वाढवून देणार नाही, एवढंच.

पाऊसवेडी: म्हणजे हिशेब तुमच्या मुठीत! फी तुम्ही भरलीत, तरी डबा, औषधं, सकाळी सहाचा दूध-चहा कोण बघतं?

साधासरळ: पण पैसे क्लासलाच गेले हे बापाला कळायला नको? मला तर थेट फीच पटते.

काळाकोट: थेट फी भरा, पण तोंडी नको. कोर्टात गेलात तर सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. तिची नोकरी दिसेल, तसा तुमचा बोनसही दिसेल. तेच आकडे आताच समोरासमोर मांडा. मुलीची रक्कम वेगळी, तिची वेगळी, वाढीचं कलम लिहा आणि दोघांच्या सहीने कोर्टातून टर्म्स बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके’वर विसंबू नका.

ठाणेकर४६: ठीक. रविवारी मुलगी भेटायला येते, तिलाच फीची पावती आणायला सांगतो.

मीघेणारी: पावती तिच्या आईकडे मागा हो. पोरीला मध्ये घालू नका.