उन्हाळ्यातलं गावाकडचं लग्न: पाणी, पंगत आणि परण्या

मराठवाड्यात रानं मोकळी झाली की एप्रिल-मेमध्ये लग्नांची दाटी होते, आणि नेमका तेव्हाच पारा चाळिशी ओलांडतो. ज्यांनी गावजेवणं निभावली आहेत, त्यांनी आकड्यांसकट लिहावं, असं विचारलं होतं. ही गावोगावची उत्तरं.

परभणी
आधी पाणी. पिण्याचं माणशी दीड लिटर धरा. ५०० पानांना २० लिटरचे ४० जार लागतात. अर्धे सकाळी, अर्धे अकराला उतरवून घ्या, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही गार मिळतं. धुण्या-विसळण्याचा टँकर आदल्या संध्याकाळीच टाकीत रिकामा करून घ्या. दाट तिथीला एकाच टँकरला चार मांडव सांगितलेले असतात, सकाळवर विसंबू नका.

उदगीर
१०० पानांना कणीक ११-१२ किलो, तांदूळ ८, तूरडाळ ४ ते ५, वांगी १० किलो. मठ्ठ्याला दही ७ किलो आणि त्याच्या दुप्पट पाणी.

सगळ्यात जपायचा तो मठ्ठाच. पंगत बसायच्या तासभर आधी घुसळा. सकाळी करून ठेवलेला दुपारपर्यंत आंबतो. लादीचा बर्फ आत टाकू नका, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. पातेलंच बर्फात ठेवा. भांडं पितळी असेल तर आतली कल्हई बघा, उडालेली असली की मठ्ठा कळकतो आणि माणसं आजारी पडतात. वरण एकदम सगळं करू नका, दोन घाण्यांत करा. गच्च झाकलं तर वाफ कोंडून विटतं. आचाऱ्याला हे सुपारी देतानाच सांगायचं, ऐनवेळी तो ऐकत नाही.

बीड
१२:३५ चा मुहूर्त असेल तर परण्या, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाची मारुतीला जाणारी मिरवणूक, पावणेअकराला निघालाच पाहिजे. मारुतीचं दर्शन, कपडे, वाजंत्रीपुढचा नाच यातच दीड तास जातो. वाजंत्री बंद करायची वेळ आधीच ठरवा आणि ते सांगायचं काम नवरदेवाच्या मामाकडे द्या. त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. अक्षता पडेपर्यंत लेकरं, म्हातारी माणसं उपाशी बसवणं मला पटत नाही. त्यांची पंगत अकरालाच उठवा. जमलं तर गोरज मुहूर्तच धरा.

जालना
बस्त्याला जाताना आहेराची यादी नावानिशी न्या. टॉवेल-टोपी पाच-दहा जास्तच घ्या.

हिंगोली
अवकाळीचं वारं दुपारनंतर उठतं. मांडवाच्या कनाती वरून हातभर मोकळ्या सोडा, वारा निघून जातो. चहूबाजूंनी बंद केल्या तर कापड फुगून खांब उपटतात. दोऱ्या खुंट्यांना बांधा, खुर्च्यांना नाही. चूल मांडवापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

नांदेड
सुपारी फोडण्याआधी वयाचे दाखले बघा: मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण. कमी वयात लग्न लावलं तर लावून देणारे गुरुजीही गुन्ह्यात येतात. नोंदणी ९० दिवसांत करायची, तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही मांडवातच घ्या, आणि दोन लग्नपत्रिका फाइलमध्ये जपून ठेवा.