अनुभव धागा: बाळंतपणाच्या आगेमागे मनावर उपचार मिळाले का? कसे मिळाले?

माझ्या मुलीच्या जन्मानंतर डॉक्टरपर्यंत पोहोचायला मला पाच महिने लागले. त्यातले चार तर घरात कुणाला आणि काय सांगायचं, यातच गेले. म्हणून विनंती, नुसतं कसं वाटत होतं एवढंच नको. कुठे गेलात, बाळ कुणी सांभाळलं, खर्च किती आला, तेही लिहा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आधीच देऊन ठेवते. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

सातारा
माहेरी होते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर. आई म्हणायची, "ओल्या बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." मग मी न्हाणीघरात रडायचे. दीड महिन्याच्या इंजेक्शनला गेलो तेव्हा सिस्टरांनी बाळाचं वजन केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला झोप लागते का गं?" तिथेच बांध फुटला. त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. केसपेपर काढून तीन तास रांगेत, पाजायला आडोसा नाही. शेवटी आईच पायरीवर बसली आणि पदर धरला. परत येताना मेडिकलवाल्याला तिनंच विचारलं, गोळी जेवणाआधी की नंतर.

आशाताई, नंदुरबार
दवाखान्यात बाळंतपण झालं तर आमच्या सहा गृहभेटी असतात, शेवटची ४२व्या दिवशी. सासू शेजारीच बसलेली असते. मी त्यांना चहा टाकायला सांगते आणि तेवढ्यात बाळंतिणीला मनाचं विचारून घेते.

पुणे
दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी आधीपासूनच्या गोळ्या मनानेच बंद केल्या. तिसऱ्या महिन्यात पुन्हा सगळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "आधी फोन करायचा. चालणारं औषध देता आलं असतं." एका वेळची फी १२०० रुपये; दर महिन्याला जमलं नाही.

नवरा, नागपूर
आठव्या दिवसापासून बायको झोपेना. बाळ बदललंय म्हणायची. घरचे म्हणाले, बाहेरचं आहे. अंगारे-धुपाऱ्यात चार दिवस गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस (खऱ्याखोट्याचं भान सुटणं) म्हणजे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आजार. भरती केलं, पण बाळाला वॉर्डात घेतलं नाही. तिचं दूध गेलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करू नये. धोका वाटला तरच, तेही तात्पुरतं. मला तेव्हा ठाऊक असतं तर भांडलो असतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या सरकारी रुग्णालयात आई-बाळाला एकत्र ठेवतात. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात हवं ते. ती आता बरी आहे, हे तिला विचारूनच लिहितोय.

अहिल्यानगर
काल रात्री वरचा नंबर लावला. बाळ मांडीवरच होतं. सोमवारी जिल्हा रुग्णालयात जायचंय. सोबत काय नेऊ?

सातारा
दुपटं, पाणी, आधीचे सगळे कागद. आणि बाळ धरायला कुणीतरी. लवकर जा गं, रांग मोठी असते.