अनुभव धागा: श्रावण पाळायचा म्हणून एकदम दारू बंद केली, पुढे काय झालं?

वॉर्डातली सिस्टर, सिंधुदुर्ग

गटारी जवळ आली की आमच्या वॉर्डात दरवर्षी तेच बघते, म्हणून धागा काढतेय. आपल्याकडे रोज पिणारे कितीतरी जण श्रावण पाळतात, काही तर गणपती जाईपर्यंत थेंब घेत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं की महिनाभर राहतो ना, मग हे व्यसन नाहीच. पण जो वर्षानुवर्षं सकाळपासून घेतोय त्याच्या मेंदूला त्या गुंगीची सवय झालेली असते, ती एका दिवसात काढून घेतली की मेंदू आवरत नाही. आधी हात थरथरतात, घाम, उलट्या, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नाही ते दिसतं, ताप येतो, बीपी चढतं. याला डॉक्टर डीटी म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊ शकतो. आणि आपल्या गावांत नेमकं हेच बाहेरचं समजून उतारे काढत बसतात! दारू बंद कराच, पण डॉक्टरला सांगून करा. तुमच्या घरात काय झालं ते लिहा, टोपणनाव चालेल.

गुहागरकरीण

आमच्याकडे अगदी हेच झालं. मिस्टरांनी अमावास्येला शेवटची घेतली आणि श्रावण लागला तशी उरलेली बाटली परसात ओतून टाकली, आम्ही सगळे खूश. मग दोन-तीन दिवसांनी रात्री पडवीत बसून भिंतीवरचे मुंगळे झाडायला लागले, भिंतीवर एकही मुंगळा नाही. मला ओळखेनात, कधीच वारलेल्या गड्याला हाका मारत होते. सासूबाई म्हणाल्या तिन्हीसांजेला पाणंदीत काहीतरी लागलंय, नारळ उतरवला, आणखी कोणाकोणाला बोलवायचं चाललं होतं. माझी जाऊ आशा सेविका आहे, तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली आधी १०८ ला फोन, नारळ नंतर. हॉस्पिटलात ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिनचं म्हणजे बी-१ चं इंजेक्शन दिलं. मी विचारलं तर डॉक्टरांनी नीट समजावलं, की पिणाऱ्याच्या अंगात हे व्हिटॅमिन संपत आलेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, चाल बिघडते, डोळ्यांची हालचाल बिघडते, आठवण कायमची जाऊ शकते. मेंदू शांत करायला औषध द्यायचं होतं, लिव्हर आधीच सुजलेलं म्हणून त्यातलं लोराझेपाम दिलं आणि डोस रोज थोडा थोडा उतरवत नेला. आता गावात कोणी श्रावण धरायचं म्हणालं की सासूबाईच विचारतात, डॉक्टरला दाखवलंस का.

हर्णैचा तांडेल

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि बोटी सुटतात, त्या पहिल्या फेरीबद्दल लिहितो. दोन महिने घरी बसून खलाशी दाबून पितात आणि बोटीवर आम्ही बाटली चढू देत नाही, म्हणजे सिस्टरनी लिहिलंय तेच, फक्त भर समुद्रात. एक खलाशी जाळं ओढता ओढता ताठ झाला, तोंडाला फेस. कोण म्हणतो कांदा हुंगवा, कोण म्हणतो दातात चमचा घाला. आम्ही त्याला कुशीवर वळवला, तोंडात काही घालू दिलं नाही आणि बोट फिरवली, किनारा तासन् तास लांब होता. वाचला. तेव्हापासून फेरीआधी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का आणि घोट घेतल्यावर थांबतात का. हो म्हणाला तर आधी डॉक्टर, मग बोट, आणि त्याचा वाटा कापायचा नाही. वाटा कापला तर पुढच्या वेळी खरं कोण सांगेल?

माडाखालचा, कुडाळ

मी स्वतः पिणारा, आता बंद आहे. सगळे लिव्हरचं बोलतात म्हणून पायांचं लिहितो. तळव्यांना मुंग्या, रात्री आग, मग एक दिवस पायातली चप्पल निसटली आणि ते बायकोने मागून सांगितलं तेव्हा कळलं. दारूने नसा सुकतात हे तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सोडल्यावर आणि व्हिटॅमिनं घेतल्यावर बरंच सुधारलं, सगळं नाही.

ॲडमिट होऊन बाहेर आलात की काम संपलं असं समजू नका, ते पहिले दिवस फक्त जीव सांभाळायचे, ओढ नंतर येते आणि चांगली दणकून येते. ती कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोनच्या आधी लिव्हर तपासतात, अकॅम्प्रोसेटच्या आधी किडनी, मला अकॅम्प्रोसेट दिलं. सोबत एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, आमच्याकडे एका शाळेच्या खोलीत भरते आणि लोक मालवणीत बोलतात. जत्रेत कोण तरी येतोच, "वाईच घे रे, काय होना नाय", त्या वेळी मी तिथल्याच एका माणसाला फोन लावतो. माडीसुद्धा नाही घेत. माडी म्हणजे दारू नव्हे असं म्हणणाऱ्यांनी तिच्यात अल्कोहोल असतं एवढं लक्षात ठेवा.

चिपळूणची लेक

बाबांना न सांगता चहातून गोळी द्यावी का? बसस्टँडवर जाहिरात बघितली, आई म्हणते मागवूया.

वॉर्डातली सिस्टर, सिंधुदुर्ग

नको गं, अजिबात नको. अशा पुडीत काय असतं कोणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम असेल तर दारू पचताना मध्येच तयार होणारा विषारी पदार्थ, ॲसिटाल्डिहाइड, अंगात साठतो. माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी एकदम पडतं, हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. ही गोळी उपचारात वापरतात, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, कारण ती बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा टाळावं लागतं. बाबा यायला तयार नसतील तर आईला आणि तुला तरी आधी बोलता येईल, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायला लाज वाटून घेऊ नका.

फक्त बियर

मी फक्त स्ट्राँग बियर घेतो, रोज एक मोठी बाटली. हा धागा माझ्यासाठी नाही ना?

वॉर्डातली सिस्टर, सिंधुदुर्ग

दादा, हिशोब करून बघा. ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ६५० मिलीच्या ८ टक्के बियरमध्ये ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे रोजचे चार पेग झाले. एकदा लिव्हरची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. नुसतं फॅटी लिव्हर असेल तर दारू थांबवल्यावर काही आठवड्यांतही उतरू शकतं, तिथपर्यंत संधी असते.

देवगडकर

आमच्या वडिलांची ती संधी गेली होती. पोटात पाणी, पाय सुजलेले, सगळे म्हणायचे कावीळ आहे, झाडपाला चालू होता. मग एका पहाटे रक्ताची उलटी झाली. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालं की, त्यातून रक्त नीट जात नाही, दाब वाढून अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, हे मला नंतर कळलं. काळी डांबरासारखी शौच झाली तर तेही रक्तच असतं, सकाळची वाट बघू नका, तेव्हाच निघा. आणि सिस्टर, निघताना डॉक्टरला काय काय सांगायचं तेही लिहा, आमची तिथेच तारांबळ उडाली होती.

वॉर्डातली सिस्टर, सिंधुदुर्ग

लिहिते. रोज किती आणि कोणती, गावठी असेल तर गावठीच सांगा, आम्ही ओरडत नाही. शेवटची कधी घेतली, शक्यतो वेळ. पूर्वी बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का, कारण एकदा झालेल्याला पुन्हा व्हायचा धोका जास्त. डोक्यावर पडलाय का. शुगर-बीपीच्या गोळ्या आणि झाडपाला चालू असेल तर तोही पिशवीत घालून आणा. आणि जो त्याच्यासोबत रात्री झोपतो तो माणूस बरोबर यायला हवा, खरं तोच सांगतो.